धुक्यातला गोल

जुलैत नवे कोच आले, धायगुडे सर.
पहिले पंधरा दिवस बॉल कपाटात,
किल्ली त्यांच्या खिशात.
आम्ही नुसते धावायचो मुरारच्या मैदानावर
एकमेकांची नावं ओरडत:
तोमर! इर्शाद! नरवरिया!
चहावाला म्हणायचा, कॉलेजात हजेरी लागत नाही वाटतं,
इथं घेतात.

मग सामने. भिंडकडून चार खाल्ले,
झाशीकडून तीन. मी गोलकीपर;
सगळे माझ्याच पाठीमागे जाऊन पडलेले.
सर काही बोलले नाहीत.
जाळीची एक गाठ सुटली होती, ती मारली.
प्राचार्यांनी बोलावून घेतलं त्यांना,
परत आले तर म्हणाले, उद्या साडेपाच.

शेवटचा सामना जानेवारीत, धुकं असं
की रेफ्रीनं उडवलेलं नाणं
त्यालाच सापडेना.
दुसरी तारीख नव्हती.

घरी मराठी, मैदानावर हिंदी, हे इतकी वर्षं नीट चाललेलं,
त्या दिवशी मी ओरडलो, "माझा!"
आणि बघेल बाजूला झाला.
त्याला कसं कळलं, विचारायचं राहूनच गेलं.

बॉल जितका लांब जाईल तितका मारला.
पुढं पांढऱ्यात नुसती नावं.
इर्शाद. तोमर.
नरवरिया, बरंच लांबून.
मग काहीच नाही.
मग सगळी एकदम, एकात एक.

अख्ख्या मोसमात एक जिंकलो,
तो मी पाहिला नाही.
सर माझ्या गोलमागे उभे होते,
खिशातली किल्ली वाजवत,
विचारत होते,
कुणी मारला रे?