मागच्या चाकात किती

बुधवारी लसीकरण, आणि बुधवारीच
वर्षाराणीचा बीएडचा शेवटचा पेपर.
म्हणून परभणीत, आमच्या वॉर्डाच्या दवाखान्यात,
बायांच्या रांगेत मी एकटा गडी,
चौदा आठवड्यांची पोर दोन्ही तळहातांवर आडवी धरून
लोणच्याची भरलेली बरणी न्यावी तसा.

एकटा नव्हतो. मागून आवाज आला :
"भाऊ, खांद्याला लावा की. फुटत नसतंय ते."
सय्यद नईम. वसमत रोडला पंक्चरचं दुकान.
कडेवर तिसरी लेक, शर्टाच्या खिशात दुधाच्या बाटलीचं बूच,
नखांत टायरचा काळा, धुऊनही न गेलेला.

रांग हलेना. तो बोलत राहिला.
"शी पार पाठीपर्यंत गेली ना,
तर झबलं डोक्यावरून काढायचं नाही. पायाकडून.
हे मला दुसरीच्या वेळेला कळलं.
पहिलीचं काय सांगू."

"कूलर सरळ अंगावर नको. भितीकडं तोंड करून ठेवा.
भितीला आदळून माघारी येतो
तो वारा लेकराचा."

"नखं झोपेत काढा. पण आधी हात उचलून सोडून बगा.
धपकन पडला तर झोपली.
वरच अडकून राहिला, तर नाटक करायली."

पुढची एक बाई वळून म्हणाली, उलसा मध चाटवावा,
पोट साफ राहतं.
आतून सिस्टर ओरडली, "मध कोण म्हणालं?
वर्षाच्या आत थेंब द्यायचा नाही!"
सगळ्या बाया वर पंख्याकडं बघू लागल्या.
पंखा बंद होता.

नईम हळू आवाजात म्हणाला,
"रात्री ताप येईल. थर्मामीटर घ्या जाताना.
हाताचा भरवसा धरू नका.
माझा हात दिवसभर उन्हातल्या डिस्कवर,
मला तर सगळी दुनिया गार लागती.
मधलीला एकशे तीन होता, आन् मी म्हणत होतो, काही नाही."
एवढं बोलून तो लेकीच्या टाचेवरची धूळ
अंगठ्यानं पुसत बसला. बराच वेळ.

सुई टोचली तेव्हा मी डोळे मिटले. पोरीनं नाही.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर त्याचा आवाज आला, अकरा मिनिटांचा.
खाली लिहिलं होतं : कम्प्रेसर. तिन्ही ह्याच्यावर झोपल्या.

रात्री अडीच. शंभर पॉइंट आठ.
सिस्टरनं वजन बघून लिहून दिलेले थेंब
गालाच्या आतल्या बाजूनं सोडले, घशात नाही,
हेही त्यानंच सांगितलेलं.
पाण्याची पट्टी. पाळणा. मांडी. पुन्हा पाळणा.
गच्चीवर चार चकरा, शेजारच्यांची टाकी भरून वाहतेय
हे त्यांना सांगावं का, हा विचार.
मग फोन उशीपासून लांब ठेवून ते लावलं.

धगधगधगधग. वर्षाराणी दचकून उठली,
"कोण आलंय ट्रॅक्टर घेऊन?"
सांगितलं. ती हसली, टाके ओढले तसा चेहरा केला,
आणि तिथंच, माझ्या पायावर डोकं टाकून पडली.

पोरीचं रडणं आधी तुटक झालं, मग नुसता हुंदका.
चौथ्या मिनिटाला आवाजात एक गिऱ्हाईक आलं.
"मागच्या चाकात किती मारू म्हणता?"
आणि नईमचं, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखं,
"एकटेच असता का गाडीवर?
एकट्याला एकतीस. दोघं बसत असाल तर छत्तीस."

मी तिचा हात उचलला, सोडला.
वरच अडकून राहिला.

पुन्हा पहिल्यापासून लावलं.