श्वास धरून म्हणायचा शब्द

वार्सेनिकबाईंनी एकेचाळीस वर्षं
गोरिसच्या शाळेत या एका शब्दावर गुण कापले.
ओत्स.
तेल माखून पवित्र करणं.
यातला त्स म्हणजे जवळजवळ आपला च,
चहातला नव्हे, चाकातला,
आणि म्हणताना ओठांपुढे धरलेला
सिगारेटचा पातळ कागद हलता कामा नये.
कागद हलला
की त्याच शब्दाचा साप होतो.

अर्मेनियन भाषेत एवढंच अंतर आहे:
श्वास सुटला तर साप,
धरला तर अभिषेक.
लिहिताना अक्षरं निराळी, पण कान फसतात.
शेवटच्या बाकावरचा झिराइर
दर शुद्धलेखनात लिहायचा,
‘धर्मगुरूने राजाला सर्प केले.’
बाई लाल शाईनं शेजारी लिहीत,
‘बिचारा राजा.’

तो काळ असा, की चर्चमध्ये बटाटे साठवत.
शब्द फक्त व्याकरणात उरला होता,
रिकाम्या बरणीसारखा, झाकण घट्ट लावलेला.
बाईंच्या कोशात त्याच्या मुळाखाली
बारीक टायपात दूरदूरची भावंडं होती:
रोमन लोकांचं मलम,
आल्प्समधल्या कुठल्याशा खेड्यातलं लोणी,
आणि संस्कृतातला एक धातू, अंज्.
त्यातून अंजन, त्यातूनच अभ्यंग.
इथवर ठीक.
पण त्याच ओळीत ‘व्यक्त’ कसा?
माखण्याचा आणि दिसण्याचा संबंध काय?
त्यांनी समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
ते तिथंच राहिलं, बावीस वर्षं.

उत्तर स्म्बातनं दिलं, त्याला न विचारता.
अक्रोडाच्या फळीवर
जवसाचं तेल चिंधीनं चोळत होता.
कोरडी, राखी, मुकी फळी;
आणि चिंधी फिरेल तिथून
रेषा वर येत गेल्या,
एक डोळा, एक वळसा,
कुठल्या तरी दुष्काळाची दाटीवाटीची वर्षं.
‘हे सगळं आतच होतं?’ बाईंनी विचारलं.
स्म्बात म्हणाला, ‘जरा बाजूला हो, उजेड अडतोय.’

तो गेला. टेबल राहिलं.

एकाहत्तराव्या वर्षी, भाचीच्या तान्ह्या न्वार्दसोबत
बाईही उभ्या राहिल्या बाप्तिस्म्याला.
लोक हसले थोडे. बाळ रडलं, बाई नाही.
धर्मगुरू झिराइरच; आता दाढी, पोट, जाड चष्मा.
मुरोनची कुपी उघडली आणि वास आला
चाळीसेक फुलापानांचा, आणि जुन्या तेलाचा;
नवं तेल करताना मागचं थोडं मिसळतात,
त्याच्या मागचं त्यात असतंच,
कोणत्या हाताचं थेंबभर कुठवर आलंय
कोण सांगणार?

अंगठा बुडवला. तो शब्द म्हणाला.
कपाळ, पापण्या, कान,
नाकपुड्या, ओठ, तळहात,
काळजाची जागा, पाठीचा कणा, पावलं.

बाहेर पायरीवर झिराइरनं हळूच विचारलं,
‘बाई, या वेळी बरोबर म्हटला ना?’
ओल्या कपाळावर त्याचा श्वास
त्यांना स्पष्ट लागला होता.
कोमट. कागद नक्की उडाला असता.
‘बरोबर,’ बाई म्हणाल्या.
एकेचाळीस वर्षांत फुकट दिलेला
हा एकच गुण.

तीन दिवस धुवायचं नाही, असं त्यानं बजावलं होतं.
चौथ्या दिवशी त्यांनी पाणी तापवलं,
आरशासमोर आल्या,
कपाळावरच्या आठ्या बोटानं मोजल्या,
मग चिंधी शोधून
आधी टेबल पुसायला घेतलं.
पाणी निवत गेलं.