दुसरा सीझन, रात्रपाळी

बांबोळीच्या रक्तपेढीत
आग्नेलच्या मोबाइलवर
नऊ भाग झाले.

पहिला सीझन बरा होता.
ह्यात तो दोनशे वर्षांचा पोरगा
नुसता रडतो.
आणि रक्त? सॉससारखं लाल,
गोठतच नाही.
इथलं काळपट, पिशवीत थंडगार,
पस्तीस दिवसांत बाद.

लसणीला भितो म्हणे.
आमच्या सोलकढीच्या वाटीतच आटपला असता.

सातव्या भागात मात्र
दाराशी उभा राहून विचारतो, आत येऊ?
बोलावल्याशिवाय येता येत नाही त्याला.
तेवढं आवडलं.

काचेवर टकटक.
पेडण्याहून आलेला कुणी, चपला बाहेर काढून,
हातात ओ निगेटिव्हची चिठ्ठी,
उंबऱ्याअलीकडेच थांबलेला.

या, म्हटलं.

दहावा भाग आग्नेलनं एकट्यानं पाहिला.
म्हणाला,
कुणीच मरत नाही गो.