जळाल्यास

पानाला सव्वाशे या दराने
मी जगाचा मसुदा मराठीत आणते आहे.
सकाळपासून एकाच कलमाशी अडले:
हानी लिहू, की नुकसान?

नुकसानीला भरपाई असते.
हानी नुसती होते;
जीवितहानी म्हणतो आपण,
जीवितनुकसान कुणी म्हणत नाही.
पण पुढच्याच ओळीत लिहिलंय की
यातून कुणावर कसलंही देणं लागत नाही.
त्या ओळीला कंस नाहीत,
म्हणजे ती सगळ्यांना मान्य आहे.

श्रीमंत देश 'देतील', हे कंसात.
'द्यावे', तेही कंसात.
'देण्यास उत्तेजन मिळावे', हे मोकळं.

चारला गठ्ठा घेऊन खाली उतरते.
राजाराम पुलाच्या अलीकडे सोपान दळवींची टपरी.
पत्र्यावर अजून छातीइतक्या उंचीला
गाळाची रेघ.
खडकवासल्यातून पाणी सोडलं त्या रात्री
भोंगा वाजला म्हणे. यांनी नाही ऐकला.
एकशे चौदा कपडे होते लोकांचे,
वहीत नावांसकट.
"मग?"
"मग काय, देतोय भरून.
बोधनीबाईंचं इरकल राहिलंय, दिवाळीपर्यंत देईन."
"अहो, पण पाणी तुम्ही थोडंच सोडलं?"
"कपडे माझ्याकडं होते ना."

पंचनाम्यात त्यांच्या नावापुढे:
टेबल, एक. इस्त्री, एक.
वहीचा उल्लेख नाही.

ते कोळसा फुंकतात. एक ठिणगी
माझ्या चपलेपाशी येऊन विझते.
या कोळशाचीही ओळ आहे, मी सांगते,
'हळूहळू बंद' होतं, खोडून
'हळूहळू कमी' केलं,
त्यासाठी पहाटेपर्यंत जागले सगळे.
दळवी कॉलरवर पाणी शिंपडतात.
"विजेची घेतो की. कोण देतंय?"

याचंही उत्तर आहे मसुद्यात,
परस्परसंमत अटींवर, सवलतीच्या कर्जाने.
मी ते सांगत नाही.
त्यांच्या डोक्यावर निळ्या ऑइलपेंटमधली पाटी,
पुरात अर्धी सोललेली:
कपडा जळाल्यास भरून मिळेल.

वर येते. हातावरचे शर्ट अजून गरम.
कर्सर तिथेच उघडमीट करतो आहे.
हानी, स्वल्पविराम, नुकसान, असं लिहून टाकते,
आणि खाली, मोठ्या कंसात, पाटीवरचं वाक्य.
संपादक काढतील.
सत्तावीस तारखेपर्यंत तरी
ते मसुद्यात आहे.