पान सतरा, ओळ नऊ

अपिलाची फाइल शिवायची म्हणजे
आधी दाभण लागतो, मग पांढरा दोरा,
मग पानं मोजताना मध्येच न बोलणारं माणूस.
मी मोजते. एकशे बेचाळीस.
आई विड्या मोजायची तशी, ओठ न हलवता,
पंचवीसचा कट्टा, कट्ट्यावर कट्टा,
आणि हजारात चार कमी भरल्या की कारखान्यातला माणूस
अख्खी टोपली उलटी करायचा.

इथं काहीच कमी नाही.
फिर्याद, पंचनामा, फाटक्या चोळीचा जप्तीचा कागद,
जातीचा दाखला, खरी नक्कल,
विलंब माफीचा अर्ज:
दोनशे अकरा दिवस उशीर झाला, तो कोर्टाने माफ करावा.
अर्जदार निलावती खंदारे, वय छत्तीस, धंदा मजुरी,
राहणार सीनेकाठी, तालुका मोहोळ.
माफी तिनं मागितली आहे.
पुन्हा वाचलं मी. हो, तिनंच.

खालच्या कोर्टानं सोडलं. तिघांनाही.
कारण एक: गिरणीमागची जागा लोकांच्या नजरेत येत नाही.
(गिरणी चालू होती. दळण घेऊन सात बाया बसल्या होत्या.
एकीनंही मान वर केली नाही, म्हणून नजर नव्हती.)
कारण दोन: नेमके शब्द अभिलेखात नाहीत.

अभिलेख म्हणजे मी.

त्या दुपारी लाइट गेली होती. सोलापूरचा मे.
ती पिंजऱ्यात उभी राहून बोलली, सलग,
पदर कसा ओढला ते स्वतःचाच पदर ओढून दाखवत,
आणि मग त्याचं ते वाक्य,
तिच्या जातीचं, तिच्या आईचं,
तिनं टाकीच्या नळाला हात लावण्याचं,
एका दमात, त्याच्याच आवाजात.
आमच्या घरी तेलुगू बोलतात.
मराठी मी शाळेत शिकले, शिव्या कोर्टात.
शिपायानं खिडकीकडं पाहिलं.
साहेब थांबले. म्हणाले, लिहा,
'आरोपीने जातीवाचक शिवीगाळ केली.'
मी लिहिलं. चार शब्द.

पूर्व भागात आमच्या गल्लीत चादरी विणायचे.
सुलटी लाल, तर उलटी पिवळी,
नक्षी तीच.
लहानपणी वाटायचं, कुठलीही गोष्ट
मागून पाहिली तरी दिसतेच.
पान सतरा मी उजेडासमोर धरलं.
मागून फक्त पान अठरा दिसलं.

काल ती नक्कल विभागात आली.
फडक्यात कडक भाकरी, पायात दोन वेगळ्या चपला.
'म्याडम, कागद आता कोल्लापूरला जानार म्हनं.
त्यो काय बोलला ते हाय न्हवं त्यात?'
आहे, म्हटलं.
'कुटं?'
वाचता येत नाही तिला. तिचं बोट धरून
ओळ नऊवर ठेवलं.
बोट ओळीच्या टोकाला पोचलं. लगेच.
'एवढंच?
त्यो तर लई येळ बोलत हुता की.'

साहेबांनी सांगायच्या आधीच माझी पेन्सिल चालते.
शिकवणारे सर म्हणायचे, ही खोड तुला कधीतरी नडेल.
मुदत संपली की लघुलेखनाच्या वह्या जाळायच्या.
एक वही घरी आहे, शिलाई मशीनच्या खणात.
तिच्यात ते वाक्य पूर्ण आहे,
रेघा, ठिपके, एक आकडी, मध्ये कुठं खोडलेलं नाही.
माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही,
आणि मी ते आजवर मोठ्यानं वाचलेलं नाही.
विचारतील, वही घरी कशी?
साहेब आता वरच्या जागी आहेत.
मला निवृत्तीला चार वर्षं.

दोऱ्याला गाठ मारली. लाख लावली.
टपाल उद्या अकराला.
खोलीत कुणी नव्हतं, म्हणून ते वाक्य म्हणून पाहिलं,
आधी पुटपुटत, मग तिनं म्हटलं होतं तसं.
माझा आवाज त्याच्यासारखा होतो का,
एवढंच ऐकायचं होतं.

बाहेर व्हरांड्यात शिपाई कपबशा गोळा करत होता.
तो थांबला.