चिरा निघत नाही

गट नंबर एकशे बारा, वाघणचा सडा.
मी खाणीचा हिशेबनीस. चिरे मोजतो:
चौदा इंच, नऊ, सात.
तुटका वेगळा, पिवळा वेगळा.
मशीन आता पूर्वेच्या कोपऱ्यात यायचंय
आणि तिथे हा ढीग.

कमरेएवढा. भोवती आठ धोंड्यांचं रिंगण,
त्यातला एक आडवा पडलेला.
धाकू झोरे म्हशी वळवता वळवता म्हणाला,
"त्येला हात नुको लावू भाऊ.
कोन हाय ते ठावं न्हाय.
पन कोनतरी हाय."
आणि घरंगळलेला एक दगड
काठीने परत ढिगात सरकवून गेला,
गोठ्याचं दार लोटावं तसा.

मी वाकून बघितलं, सवयीने.
जांभा नव्हता.
काळे, गुळगुळीत, पाण्याने झिजलेले गोटे.
सड्यावर असा गोटा मिळत नाही,
नदी खाली, दोन तासांची घाटी.
म्हणजे प्रत्येक वर आणलेला.
कुणी डोक्यावरून, कुणी पोटाशी धरून,
एखादा तर एवढासा, पोराच्या मुठीतला.
तीनशे अठरापर्यंत मोजले,
मग पुढचा आकडा तोंडात येईना.

मधे खापरं. आतून काळी, बाहेरून लाल.

बाबांच्या वेळी भटजी म्हणाले, खडा उचला.
ज्याने मडकं फोडलं, तोच.
दहा दिवस तो मागच्या वळचणीला होता.
दहा दिवस मी त्याच्यावर पाणी घातलं,
बोललो काही नाही,
तसं बाबांशीही फार बोलणं नव्हतं.
दहाव्याला खाडीत सोडला, मागे न बघता.
किती हलका होता.
आता कुणी विचारलं, कुठे आहेत तुझे वडील,
तर मी खाडीकडे हात करीन
आणि नेमकी भरती असेल.

ह्यांनी खडा सोडला नाही.
ठेवला.
दुसरा आणायला परत खाली उतरले.

संध्याकाळी वहीत लिहिलं:
पूर्वेचा कोपरा, कातळ पोकळ. चिरा निघत नाही.
तिर्लोटकर शेठ म्हणाले, बरं, मग उत्तरेला घ्या.
खोटं लिहिलं का, मला ठरवता आलं नाही.
पोकळ तर असणारच.

गेल्या बुधवारी नदीतून एक गोटा उचलला.
अजून नेऊन ठेवलेला नाही.
कुणासाठी, ते आधी नक्की व्हायला हवं.
स्कूटरच्या डिकीत आहे,
घाटी चढताना वाजतो.