बारापट दोर

परळच्या टॉवरवर, बेचाळिसाव्या मजल्याच्याही वर
मशीनरूममध्ये बसून मी डबा खातो.
खाली केबिनमध्ये पितळी पाटी:
तेरा माणसं, आठशे चौऱ्याऐंशी किलो.
ती कुणी वाचत नाही. सगळे आरशात बघतात.

पास्कोल मिस्त्रींनी पहिल्या दिवशी दोर दाखवला होता,
ग्रीसने काळा, करंगळीएवढा.
म्हणाले, लागतो त्याच्या बारापट मजबूत घालायचा.
बारापट कशाला, मी विचारलं.
ते पान्हा पुसत राहिले.

म्हणजे मला माहीत होतं.
माहीत असूनही मी
काळाचौकीच्या खोलीत, पोटमाळ्यावर,
पांघरुणात मोबाइल झाकून
एका रुपयाच्या दोरीला
पंचवीस रुपयांचं ओझं टांगलं.

उसनं बळ. पडद्यावर एक पट्टी असते, सरकवायची,
पाचपट, दहापट, अंगठा नेईल तिथवर.
पंचवीसपट म्हणजे चार टक्के,
खरं तर चाराच्याही थोडं अलीकडेच.
चार टक्के म्हणजे बिटकॉइनची एक जांभई.

पहिल्या आठवड्यात मी जिंकलो.
हे सांगायला हवं, नाहीतर गोष्ट खोटी होईल.
एकतीस हजार. उल्काला मिक्सर आणला, तीन भांड्यांचा,
आणि साइटवर पोरांना म्हणालो,
पगार म्हणजे रे चिल्लर.

मग मार्चमधली ती रात्र.
किंमत उतरत उतरत स्टॉप-लॉसपाशी आली
तेव्हा मी स्टॉप-लॉस खाली सरकवला.
थोडा.
मग अजून थोडा.
मग काढूनच टाकला,
जसं कुणी म्हणावं, तो गव्हर्नर सोडवून ठेव रे,
फार खडखडतो.

तीन वाजून दहा मिनिटांनी
काही वाजलं नाही, काही तुटल्याचा आवाज नाही.
सौदा होता तिथे कोरी जागा
आणि खाली बारीक अक्षरात, लिक्विडेट.
एक लाख शहाऐंशी हजार.
उल्का कूस बदलून म्हणाली, किती वाजले?
मी म्हणालो, झोप.

साडेपाचला, शिवडीकडे उजाडताना,
किंमत परत वर आली होती,
मी घेतलं त्याच्याही वर,
रिकामी लिफ्ट जाते तशी.

तिला सांगायला अकरा दिवस लागले.
ती ओरडली नाही.
मिक्सर धुतला, पुसला, फडताळात ठेवला,
आणि पाट्यावर चटणी वाटायला बसली.
तो आवाज मी अजून ऐकतो.

आता माझ्याकडे रजिस्टर आहे, कंपनीचंच, जुनं,
मागची पानं कोरी.
तारीख, कारण, किती गेले, सही.
दुप्पटच्या वर जायचं नाही. शंभरातला एकच रुपया पणाला.
आधी कुठे थांबायचं ते लिहायचं, मग आत शिरायचं,
आणि लिहिलेलं रात्री खोडायचं नाही.
सही उल्का करते. कधी करतही नाही,
मग त्या दिवशी सौदाच नाही.

मागच्या मंगळवारी स्टॉप लागला.
सातशे चाळीस गेले.
वीस मिनिटांत बाजार वळला आणि वर गेला, माझ्याविना.
शिस्तीचं हे कुणी सांगत नाही,
की ती बरोबर असते तेव्हाही
गाढव ठरवते तुम्हाला.

त्याच दुपारी अठ्ठाविसाव्या मजल्यापाशी
वेग जरा वाढला आणि गव्हर्नरने झडप घातली.
खाड! जबडे रुळांना चावले.
आत एकच गृहस्थ, रेशमी कुर्ता, नऊ मिनिटं अडकलेले.
दार उघडताच अंगावर आले,
एवढा मेंटेनन्स भरतो आम्ही, लिफ्ट पडली कशी बंद?
मी म्हणालो, साहेब,
पडली नाही. थांबली.
ते जिन्याने गेले.

घरी येऊन रजिस्टरात लिहिलं, सातशे चाळीस.
उल्काने सही केली, पेन परत दिलं.
मिक्सर अजून फडताळातच आहे.